गंगाफळाच्या सालीवर

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतील काही चित्रकला-शिक्षकांनी शरद ऋतूत गंगाफळावर ॲक्रिलिक रंगांनी करावयाच्या सजावटीसंबंधी एक लहानशी पुस्तिका सिद्ध केली आणि तिची प्रस्तावना मी लिहावी असा आग्रह धरला, तेव्हा माझ्या मनाने जे दोन आक्षेप तत्काळ नोंदविले ते प्रारंभीच दप्तरी दाखल करून ठेवणे मला कर्तव्य वाटते. पहिला आक्षेप स्थानमाहात्म्याचा. आसोद्याची लेक आणि जळगावची सून असलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आणि ती प्रस्तावना इतकी गाजली की, या मुलखातील कोणत्याही पुस्तकाला चार शब्द जोडू पाहणाऱ्याच्या मानेवर तेव्हापासून एक अदृश्य जू येऊन बसलेले आहे. दुसरा आक्षेप विषयाचा. मराठी भाषेने ज्या फळाची मनसोक्त अप्रतिष्ठा केली ते हेच फळ. परीक्षेत काही न मिळाले तर भोपळा मिळतो, खोटी समजूत उडाली तर भ्रमाचा भोपळा फुटतो, दोन भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले तर त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य ठरते. आणि या सर्व बदनामीच्या विरुद्ध बाजूस जमा काय, तर लेकीकडून लठ्ठ होऊन परतणाऱ्या एका म्हातारीला वाघापासून लपविले, एवढे एकच सत्कृत्य. अशा फळाला रंग लावून दिवाणखान्यात बसविण्याच्या विद्येला प्रस्तावनेची गरज ती काय, असे मला प्रामाणिकपणे वाटले होते.

हे दोन्ही आक्षेप पुस्तिका वाचून दूर झाले नाहीत. ते दूर झाले भाद्रपदाच्या उत्तरार्धात धुळ्याच्या भाजीबाजारातून चालताना. पोत्यांवर, हातगाड्यांवर, काही ठिकाणी उघड्या जमिनीवरच गंगाफळांच्या राशी पडलेल्या होत्या. कोणी शेंदरी, कोणी मातकट पिवळे, कोणाच्या हिरव्या पाठीवर पांढुरक्या चट्ट्यांची नक्षी, आणि प्रत्येकाच्या अंगावर देठापासून बुडापर्यंत उतरत गेलेल्या फाकी अशा रेखीव की, जणू कोणी निष्णात कारागिराने आखणी करून ठेवावी आणि रंगकाम दुसऱ्यावर सोपवून निघून जावे. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांसाठी वस्तुचित्राचा सराव करताना आपल्याकडील मुले हा भोपळा कागदावर वर्षानुवर्षे काढीत आलेली आहेत. ज्या वस्तूचे चित्र काढावयाचे तिच्याच अंगाचा कागद करावा, ही कल्पना त्या राशींसमोर उभे राहिल्यावर तितकीशी विक्षिप्त वाटेना.

नावाविषयी थोडे विषयांतर येथे क्षम्य मानावे. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला खानदेशात गंगाफळ म्हणतात, आणि अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्यामुळे बोलताना त्याचे गंगाफय होते. महाराष्ट्रात अन्यत्र कित्येक ठिकाणी यालाच डांगर म्हणतात. परंतु आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, घागरीवर सांजोरी-आंब्यांच्या संगतीत जे डांगर ठेवतात ते खरबुजाच्या जातीचे, सबब परगावच्या वाचकाने या दोहोंत गफलत करू नये. खरा चमत्कार याहून मोठा आहे. गंगाफळ आणि काशीफळ अशी तीर्थक्षेत्रांची नावे मिरविणारे हे फळ मूळचे अमेरिका खंडातील असून, कोलंबसाच्या सफरीनंतर पोर्तुगिजांसारख्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या काळात ते आपल्याकडे पोहोचले. आपल्या प्राचीन ग्रंथांतील कूष्मांड म्हणजे हे नव्हे. तो पांढरा कोहळा, ज्याचा नवरात्रात बळी देतात आणि ज्याच्या नावाने नवदुर्गांपैकी चौथी ओळखली जाते. परदेशातून आलेल्या पाहुण्याला आपल्या समाजाने थेट गंगेचे नाव देऊन घरात घेतले, पितरांच्या पानात वाढले आणि त्याचे परकेपण इतके निःशेष पुसून टाकले की, आज त्याच्यावर चित्र काढणे ही अमेरिकेची नक्कल आहे असे कोणी म्हटले तर फळच मुळी तिकडचे आहे याची आठवण करून द्यावी लागते.

तिकडची चाल सर्वांस ठाऊक आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री भोपळा कोरून, त्याला डोळे-दात काढून, आत दिवा ठेवतात. आयर्लंडात हे काम मुळात सलगमावर होत असे, अमेरिकेत गेलेल्या लोकांना तेथे भोपळा सापडला. कोरण्याचा खटाटोप आणि कोरलेले फळ चार दिवसांत नासण्याची भीती टाळावी म्हणून अखंड फळावर रंगकाम करण्याची पद्धत तेथे रूढ झाली. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले ही चाल हौसेने पाळतात. त्यांच्या आज्या इकडे छायाचित्रे पाहून त्या भोपळ्याचे घारगे किती झाले असते याचा हिशेब करतात. या उभयपक्षांत निवाडा करण्याचे अधिकार मला नाहीत.

माझा विषय खानदेश आहे. आणि खानदेशापुरते बोलावयाचे तर, गोल वस्तूला हंगामापुरते रूप देऊन तिच्याशी माणसासारखे वागण्याची विद्या येथे कोणाकडून शिकावी लागत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते; ती कानबाई म्हणजे एक नारळ. त्याला नथ घालतात, दागिने चढवितात, डोळे देतात, चौरंगावर केळीच्या खांबांखाली बसवितात, रात्रभर जागवितात, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेऊन आणतात. रोटांचे गहू मुठींनी मोजून घेतलेले असतात, भाऊबंद एकत्र जेवतात, आणि त्या जेवणात पुरणपोळी व खिरीच्या शेजारी हरभऱ्याची डाळ घातलेली गंगाफळाची भाजी असते. त्याच श्रावणाच्या अमावास्येस पोळा येतो. बैलांची शिंगे रंगतात, अंगावर गेरूचे ठसे उठतात. भाद्रपदी पौर्णिमेस मुली गुलाबाई मांडतात. जळगावकडे तिला भुलाबाईही म्हणतात. मातीची, अंगभर भडक रंगांची ती मूर्ती, शेजारी गुलोजी, संध्याकाळी टिपऱ्या, गाणी आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखण्याचा खेळ, हे सारे कोजागिरीपर्यंत महिनाभर चालते. हाच महिना गंगाफळाचा. पावसाच्या आरंभी टोकलेला वेल तीन-चार महिन्यांत पिकतो, धाब्याच्या घरांवर चढलेला असेल तर फळे वरच वाळत राहतात, आणि पितृपक्षापासून दिवाळीपर्यंत बाजार त्यांनी भरून जातो. पुस्तिकाकर्त्यांनी शरद ऋतूची निवड पाश्चात्त्य पंचांग पाहून केली असेल. परंतु आमच्या पंचांगानेही तोच महिना त्यांच्या पदरात टाकला असता.

आता ज्या एका मुद्द्यासाठी मी ही प्रस्तावना लिहावयास तयार झालो त्याकडे वळतो. वरील प्रत्येक उदाहरणात रंग आणि ज्यावर तो लागतो ती वस्तू यांच्या आयुष्यांचा काही एक करार असलेला दिसेल. बैलाच्या अंगावरचा गेरू एक-दोन पावसांत धुऊन जातो, बैल राहतो. गुलाबाईची माती आणि तिचा रंग एकाच दिवशी, एकाच पाण्यात विरघळतात. कानबाईचा नारळ बहुतेक घरांत विसर्जित न करता जपून ठेवतात. म्हणून त्याचे रूप दागिन्यांनी सजते आणि दागिने उतरवून ठेवता येतात. वस्तूच्या आधी रंगाने जावे किंवा वस्तूबरोबर जावे, वस्तू गेल्यावर मागे राहू नये, असा हा अलिखित शिरस्ता आहे. ॲक्रिलिक रंग गंगाफळावर लागला की हा शिरस्ता प्रथमच उलटतो. फळ दोन-तीन महिन्यांचे, फार तर देठ शाबूत असलेले आणि शिंक्यात टांगलेले असेल तर आणखी काही महिन्यांचे. रंग मात्र वर्षांचा.

हे असे का होते ते समजून घेण्यासाठी या रंगाची घडण पाहावी लागेल. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग अमेरिकेत चित्रकारांच्या बाजारात आला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, १९५५ च्या सुमारास. आणि आपल्याकडे तो शाळकरी दप्तरापर्यंत पोहोचला तो ज्या कारखान्यांमार्फत, त्यांत १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत शाईपासून आरंभ केलेल्या कॅम्लिनचे नाव प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. फेव्हिक्रिलच्या लहान बाटल्यांनी साड्यांचे पदर आणि उशांचे अभ्रे रंगविणाऱ्या गृहिणींना तर हा पदार्थ आमच्यापेक्षा अधिक परिचयाचा. यात रंगाची पूड ज्या पदार्थाने धरून ठेवलेली असते तो डिंक नव्हे, सरस नव्हे, जवसाचे तेलही नव्हे. तो एका कृत्रिम राळेच्या अतिसूक्ष्म कणांचा पाण्यातील दुधाळ विलय होय. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटून त्यांचा सलग, लवचिक पापुद्रा बनतो, आणि तो एकदा बनला की पुन्हा पाण्यात विरघळत नाही. जलरंगाची चूक ओल्या कुंचल्याने उचलता येते. येथे वाळलेल्या चुकीवर दुसरा थर देण्याखेरीज गत्यंतर नसते. स्पष्ट बोलावयाचे तर आपण फळाला रंग देत नसून त्याला प्लास्टिकचा एक अत्यंत पातळ अंगरखा शिवीत असतो.

अशा अंगरख्याचा एक धडा आमच्या शेजारीच घडलेला आहे. अजिंठ्याची लेणी शासकीय नकाशात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जिल्ह्यात असली तरी त्यांची वाट जळगावच्या स्थानकावरून जाते, अंतर सुमारे ६० किलोमीटर. तेथील चित्रकारांनी खडकावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती आणि दूरदेशीचा निळा राजावर्त यांनी चित्रे काढली; तो रंग आणि तो गिलावा हवा देत-घेत शतकानुशतके एकत्र नांदले. १८१९ साली लेण्यांचा पुन्हा शोध लागल्यानंतर एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर रोगण चढविले, आणि ते रोगण पुढे पिवळे पडले, काळवंडले, तडकले व काही ठिकाणी खालचा रंग सोलून घेऊन सुटले. अजिंठ्याची भिंत आणि बाजारातले गंगाफळ यांची तुलना पाहून रसिकांच्या भुवया उंचावतील याची मला जाणीव आहे. पण खालची वस्तू श्वास घेते की नाही हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे, आणि पुस्तिकेत फळावर शेवटी चकचकीत व्हार्निश द्यावे असे जे एक वाक्य आले आहे त्याच्याशी माझा मतभेद मी याच आधारावर नोंदवितो.

धुळ्यातील एका शाळेत या विषयाचे प्रात्यक्षिक चालू असताना मी हजर होतो. मुले रंगली होती, एका मुलीने फळाच्या फाकी धरून वारली पद्धतीचा पांढरा फेर असा काढला होता की प्रत्येक फाकीवर एक नर्तक आणि सांध्याच्या खळगीत दोघांचे हात. एका मुलाने सरळ वाघाचे तोंड काढले होते, म्हातारीच्या गोष्टीचा सूड म्हणून की काय कोण जाणे. दाराशी उभा असलेला शाळेचा वयस्क शिपाई बराच वेळ पाहत राहिला आणि मग मला हळूच म्हणाला, “हाई खावानं फय शे भाऊ, रंग देवानं नही.” मी त्यास उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी ते नव्हते. या वाक्यात काटकसर आहेच, पण केवळ काटकसर नाही. पुष्कळ घरांत अखंड भोपळ्यावर पहिला घाव बाई घालीत नाही, पुरुषाने फोडल्यावर मग ती चिरते. म्हणजे हे फळ आपल्या मनात कोठेतरी देहाच्या जागी आहे. कर्नाटक-तामिळनाडूकडे नव्या इमारतीवर पांढऱ्या कोहळ्याला मिशाळ राक्षसी तोंड रंगवून दृष्ट लागू नये म्हणून टांगतात, तेही याच समजुतीतून. अशा फळाला डोळे काढणे हा निव्वळ खेळ राहत नाही, आणि त्या शिपायाला ते आम्हा सर्वांच्या आधी कळले होते.

म्हणून कृतीच्या तपशिलाकडे वळताना माझ्या काही सूचना मी पुस्तिकेच्या मजकुराला जोडतो. फळ निवडताना नख रुतत नाही इतके जून झालेले, देठ अखंड असलेले आणि बुडाशी मऊ डाग नसलेले घ्यावे. देठ मोडलेले फळ कितीही सुबक असले तरी त्याच्या जखमेतून कुजण्यास आरंभ होतो. सालीवर निसर्गतःच मेणासारखा थर असतो, त्यावर रंग धरत नाही, मणी-मणी होऊन ओघळतो. याकरिता कोमट पाण्यात साबणाचा थेंब घालून मऊ फडक्याने पुसावे आणि सावलीत दिवसभर वाळू द्यावे. आश्विनात आमच्याकडे जे ऊन पडते त्यात फळ वाळत घालण्याचा मोह अनेकांना होतो; तो आवरावा, कारण उन्हात तापलेल्या सालीवर रंग कुंचल्याखालीच वाळून चामट होतो आणि फटकारा पुरा होण्याआधी ओढ घेतो. गर्द हिरव्या सालीवर पिवळा किंवा तांबडा रंग थेट दिला तर तो मळकट दिसतो. तेथे पांढऱ्याचा पातळ हात आधी देणे अवश्य आहे. जाड एका थरापेक्षा पातळ दोन थर बरे, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. फाकींच्या खळग्यांत रंग साचतो, तो चिंधीने टिपून घ्यावा. कुंचला काम होताच धुवावा, नाहीतर त्याचीही गंगाफळासारखीच गत होते, फक्त लवकर.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फळ पूर्ण झाकू नये. शेंदरी साल हाच एक रंग आहे, आणि तो कोणत्याही बाटलीत मिळत नाही. त्याला पार्श्वभूमी मानून वर थोडे रेखाटावे, देठ आणि बूड मोकळे ठेवावे. असे केल्याने फळ अधिक टिकते, रंग कमी लागतो आणि चित्रही अधिक चांगले दिसते, हा माझा अनुभव आहे. ज्या फळाला रंग लागला ते पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये. काही रंगद्रव्ये पोटात जाण्याजोगी नसतात. त्याचप्रमाणे ते उकिरड्यावरही टाकू नये, कारण गुरे साल खातात आणि सालीबरोबर तो पापुद्राही. बिया तेवढ्या काढून घ्याव्यात. पुस्तिकेच्या पुढील आवृत्तीत या बाबीस स्वतंत्र पान मिळावे अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

ज्यांना टिकाऊ काम करावयाचे आहे त्यांनी गंगाफळाचा नाद सोडून वाळलेल्या तुंब्याकडे वळावे, असे मी निःसंकोच म्हणेन. कडू भोपळा पूर्ण वाळला की त्याचे लाकूड होते. बी आत खुळखुळते, साल रंग धरते, आणि मग रंग व वस्तू यांच्या वयांचा झगडा मिटतो. मिरजेच्या सतारमेकरांनी हे ओळखून पिढ्यानपिढ्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांचे तंबोरे केले, त्यांवर नक्षी व रोगण चढविले, आणि २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण इतके दूर जाण्याचे कारण नाही. १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या सातपुड्याच्या रांगांत काठी गावच्या होळीला बुध्ये म्हणविणारे जे नर्तक नाचतात त्यांच्या कमरेला वाळलेले दुधी भोपळे बांधलेले असतात, अंगावर राखेची आणि तांदळाच्या पिठाची ठिपक्यांची नक्षी असते, डोक्यावर मोरपिसे. भोपळा अलंकार होऊ शकतो याचा इतका रोकडा पुरावा घरात असताना आपण तो परदेशी दिनदर्शिकेत शोधीत होतो, ही गोष्ट मला थोडी खटकते.

चाळीसगावच्या केकी मूस यांचे स्मरण या ठिकाणी होणे अपरिहार्य आहे. १९१२ ते १९८९ या आपल्या आयुष्यातील कित्येक दशके त्या कलावंताने घराबाहेर जवळजवळ पाऊल न टाकता घालविली, आणि टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंतून छायाचित्रांचे एक जग उभे केले. रेल्वेच्या त्या गावातील त्यांचे घर आता कलादालन झालेले आहे. शिक्षकांनी मुलांना रंगाच्या बाटल्या देण्यापूर्वी एकदा तेथे न्यावे. एका वस्तूकडे किती वेळ पाहता येते हे तेथे कळते.

आता शेवटचा कबुलीजबाब. पुस्तिकेची हस्तलिखित प्रत हाती आली त्या वर्षी मीही एक गंगाफळ रंगविले होते, आणि वर दिलेल्या प्रत्येक सूचनेच्या नेमके विरुद्ध वागलो होतो: साल सर्वांगी झाकली, देठाला सोनेरी रंग दिला, वर व्हार्निश चढविले. घटस्थापनेला ते देवघराबाहेर ठेवले, नातीने त्याला गुलोजी असे नाव दिले, कोजागिरीला दूधही दाखविले. दिवाळीचा फराळ करताना घरात कसला तरी आंबूस वास येतो अशी तक्रार सुरू झाली आणि शोध घेता तो गुलोजींपाशी येऊन थांबला. उचलावयास गेलो तर आतले सर्व पाणी झालेले, आणि हातात राहिला तो सापाच्या कातेसारखा रंगाचा अखंड पापुद्रा, डोळे-मिशांसकट, जसाच्या तसा. नातीने तो धुऊन वहीत दाबून ठेवला. बिया मात्र मी राखेत घोळून एका डब्यात घातल्या होत्या; मृगात टोकल्या, त्यांतल्या तिघींनी धाब्यापर्यंत वेल नेला.